‘गावाकडे भरपूर जागा आहे’

मेसेज असा होता: ‘अर्जंट. फॉर अडॉप्शन. लॅब्रॅडॉर, मेल, ५ वर्षं, प्युअर ब्रीड, फ्री. अतिशय प्रेमळ. बदली झाल्यामुळे देणे आहे. फार्महाऊस किंवा मोकळी जागा असणाऱ्यांना प्राधान्य.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी, आणि जीभ बाहेर काढून कॅमेऱ्याकडे बघणारा एक फिकट पिवळा कुत्रा.

ऑफिसच्या ग्रुपवर हा मेसेज फिरत फिरत आला तेव्हा कुणीतरी मला टॅग केलं. ‘अरे, तुमचं गावाकडे आहे ना फार्म?’ आमचं फार्म नाही. पळसदेवला आमचं घर आहे आणि घरामागे शेत आहे. फार्महाऊस म्हणजे काय, असं माझ्या वडिलांना विचारलं तर ते सांगतील, ‘जिथं मालक रविवारी येतो ते.’ पण त्या दिवशी मी हे काहीच टाइप केलं नाही. ‘हो आहे,’ एवढंच लिहिलं. त्या दोन शब्दांनी पाच वर्षांच्या एका जिवाचं घर बदललं.

आता त्याला दीड वर्ष होऊन गेलं. या दीड वर्षात माझं एक मत पक्कं झालंय आणि ते मी गुळगुळीत करून सांगणार नाही. शहरातला माणूस ‘गावाकडे त्याला मोकळी जागा मिळेल’ असं म्हणतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा तो कुत्र्याचा विचार करत नसतो. तो स्वतःची सुटका करून घेत असतो, आणि वर त्याला कुत्र्याचं भलं केल्याचं समाधानही हवं असतं. हे मी बाहेर उभा राहून बोलत नाही. त्या सुटकेत मी भागीदार होतो.

*

आधी गाव सांगतो. पुण्याहून सोलापूर हायवेने निघालात, पाटसचा टोलनाका ओलांडलात, भिगवण मागे टाकलंत, की थोड्या वेळाने पळसदेव येतं. एका बाजूला हायवे, एका बाजूला उजनीचं बॅकवॉटर, मध्ये ऊस, केळी, द्राक्षं, डाळिंब. तुमच्यातले बरेच जण इथून गेलेही असतील. भिगवणला फ्लेमिंगो बघून मच्छी खायला थांबले असतील.

या हायवेने आमच्याकडे कुत्री येतात. गेल्या तीन-चार वर्षांत धाब्यांच्या आसपास गळ्यात पट्टा असलेली तीन कुत्री मी स्वतः पाहिली: एक पग, एक जर्मन शेफर्ड, आणि एक हस्कीसारखं दिसणारं, ज्याच्या अंगावरची लोकर मे महिन्यात चिखलाने वळून गेली होती. हुकली-चुकली असतील असं म्हणावं, तर शोधायला कुणी आलं नाही. २००३च्या सुमाराला हचच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे पग चालत गेला आणि घरोघरी पग आले. चपट्या नाकाच्या त्या कुत्र्याला साध्या उकाड्यातही श्वास पुरत नाही, हे जाहिरातीत दाखवत नाहीत. इंदापूर तालुक्यातला मे महिना म्हणजे साधा उकाडा नव्हे. धाब्यावरचा पग दुसऱ्या दिवशी दिसला नाही. मी चौकशी केली नाही, हेही लिहून ठेवतो.

आता ज्याला तुम्ही ‘मोकळी जागा’ म्हणता ती बघा. गावात रिकामी जागा नसते. प्रत्येक वळणाला तिथल्या कुत्र्यांची टोळी असते आणि कुणी कुठपर्यंत यायचं हे त्यांच्यात ठरलेलं असतं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या लॅब्रॅडॉरला ती भाषा येत नाही. तो शेपटी हलवत सरळ अंगावर जातो आणि कान फाडून घेऊन येतो. गवतात गोचीड असतात, त्यातून गोचीड-ताप येतो. बागेत फवारणी झालेली असते. द्राक्षं तर कुत्र्याला मुळातच विषारी, मूत्रपिंडं निकामी करू शकतात. आणि आम्ही राहतो द्राक्षांच्या मुलखात, जिथे तोडणीनंतर सरीत मणी पडलेले असतात आणि जमिनीवरचं सगळं खाणं हा लॅब्रॅडॉरचा धर्म असतो. जनावरांचा डॉक्टर आहे, पण त्याचा दिवस गाई-म्हशींत जातो. कुत्र्याच्या खुब्याचा एक्स-रे काढायचा तर आम्हाला बारामती गाठावी लागली. आणि घरापासून पाचशे पावलांवर हायवे, ज्यावर रात्रभर ट्रेलर धावतात.

हे सगळं असूनही गावात कुत्री जगतात. पण ती इथेच जन्मलेली असतात आणि हे सगळं ती पिल्लूपणी शिकतात. जी शिकत नाहीत ती मरतात. तुमचा कुत्रा पाचव्या वर्षी त्या शाळेत येतो.

*

त्याचं नाव ब्रूनो. पुण्यातल्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर त्याला घ्यायला गेलो. नवरा-बायको, एक लहान मुलगी, सामानाची खोकी बांधून ठेवलेली, बंगळुरूला जायची तारीख ठरलेली. चहा झाला. मी विचारलं, ‘काही त्रास आहे का?’ ‘अजिबात नाही. पिल्लू असल्यापासून आमच्याकडेच आहे. कुणाहीबरोबर राहतो.’ त्याची गादी, वाटी, अर्धं पोतं खाणं आणि लसीकरणाची वही घेऊन मी चाळीस मिनिटांत खाली आलो. मुलगी आतल्या खोलीत होती. तिला सांगितलं नव्हतं. ‘ती रडेल म्हणून’. कुत्र्यालाही अर्थातच कुणी सांगितलं नव्हतं.

गाडीत तो मागच्या काचेतून बघत बसला. पळसदेवला पोचल्यावर तीन दिवस त्याने काही खाल्लं नाही. लॅब्रॅडॉरने तीन दिवस न खाणं म्हणजे काय, हे ज्यांनी तो पाळलाय त्यांना कळेल. २०१६मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरच्या पीओएमसी नावाच्या जीनमधला एक तुकडा गळालेला असतो, आणि असा कुत्रा खाण्यामागे जास्त लागतो. माझ्या भाषेत सांगायचं तर ‘पोट भरलं’ हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या कोडमध्येच बग. अशा जातीचं जनावर वाटीकडे पाठ करून फाटकाशी बसून होतं. हायवेवरून पांढरी गाडी आत वळली की उठायचं, गाडी पुढे गेली की बसायचं. त्यांची गाडी पांढरी होती.

चौथ्या दिवशी आजीने भाकरीचा काला करून हाताने भरवला. खाल्ला. ती त्याला पहिल्या दिवसापासून ‘बाळ्या’ म्हणते आणि तो त्या नावालाच जास्त ओ देतो.

पंधरा दिवसांनी मी लसीकरणाची वही नीट उघडली. पहिल्या पानावर मालकाच्या नावावर कागद चिकटवला होता. उजेडासमोर धरला तर खाली दुसऱ्याच माणसाचं नाव, आणि कुत्र्याच्या नावाच्या जागी ‘मॅक्स’. म्हणजे आमचं घर त्याचं तिसरं होतं. त्याच्या मागच्या पायाचं दुखणं जुनं होतं, हे वहीतल्याच एका नोंदीवरून कळलं. फटाक्यांना घाबरून तो दार फोडतो हे दिवाळीत कळलं. मी फोन केला. दोनदा उचलला नाही. मग मेसेज आला: ‘सॉरी यार, शिफ्टिंगमध्ये आहोत. खूश आहे ना तो फार्मवर?’

*

माझी पहिली तक्रार कुत्रा दिल्याची नाहीच. माणसाचं आयुष्य फिरतं. बदली होते, घर जातं, आजारपण येतं, मालक मरतो. अशा वेळी मोठा झालेला कुत्रा दुसऱ्या चांगल्या घरी देणं ही जबाबदारीची गोष्ट आहे, आणि ती करणाऱ्याला तोंड लपवायला लागू नये. माझी तक्रार खोटं बोलण्याची आहे. पायाचं दुखणं आधी सांगितलं असतं तर मी त्याला पहिल्याच आठवड्यात उसाच्या सरीतून पळवला नसता. दिवाळीचं सांगितलं असतं तर त्या रात्री तो आतल्या खोलीत, कुणाच्या तरी सोबत असता. दार आणि त्याचा एक दात दोन्ही वाचले असते. एक खोटं वाक्य किती स्वस्तात बोललं जातं आणि त्याचं बिल कोण भरतं, ते बघा.

आपण जुनी मोटरसायकल विकतो तेव्हा आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरतो. सह्या होतात, आरसी नव्या नावावर चढते. जिवंत जनावर मात्र एका इमोजीवर हस्तांतरित होतं. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंदवलेल्या कुत्र्याची मालकी कागदावर बदलता येते. पण ‘प्युअर ब्रीड’ म्हणून मिरवणाऱ्या किती कुत्र्यांकडे तो कागद असतो? ब्रूनोकडे नव्हता. ‘प्युअर’ ही मालकाची ऐकीव माहिती होती.

कायदा? १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. जनावराला उपाशी-तहानलेलं मरायला वाऱ्यावर सोडणं हा त्याच्या कलम ११खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड: कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. आमच्या हायवेवर तेवढ्यात नीट नाश्तासुद्धा होत नाही. २०१७मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादी दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर विणवायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. चांगले नियम आहेत. पण त्यांची सगळी नजर पिल्लू विकलं जाईपर्यंत. ते पिल्लू पाच वर्षांचं झाल्यावर त्याचं काय, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

आणि त्या पाच वेतांनंतरच्या मादीचं काय? एकदा अशा जाहिराती वाचायला लागलात की तुम्हालाही दिसतील: ‘फिमेल, ६ वर्षं, अतिशय शांत, फ्री अडॉप्शन’. अंगावरचे केस विरळ, आचळं लोंबलेली. ‘शांत’ या शब्दाचा अर्थ फोटो बघून कळतो. सगळ्याच जाहिराती अशा नसतात. पण अशी मादी जेव्हा ‘दत्तक’ म्हणून दिली जाते तेव्हा पिल्लांचे पैसे पैदास करणाऱ्याकडे राहतात आणि म्हातारपणाचा खर्च तुमच्या भूतदयेवर टाकला जातो. तिला घ्या, जरूर घ्या, तिचा काही दोष नाही. पण देणाऱ्याला ‘थँक यू’ म्हणू नका.

*

आता माझी पाळी.

मी सोमवार ते शुक्रवार हिंजवडीला असतो. म्हणजे मी कुत्रा दत्तक घेतला आणि आईने सांभाळला. सुरुवातीला शनिवारी येऊन मी बॅकवॉटरच्या कडेने त्याला फिरवायचो, पाण्यात उडी मारतानाचा रील टाकायचो, खाली लोक लिहायचे, ‘लकी डॉग’, ‘फार्म लाइफ’. सोमवारी पहाटे मी निघून जायचो. त्याचे केस झाडणं, गोचीड काढणं, द्राक्षाच्या बागेत शिरला की मागे धावणं, ही कामं ज्या बाईच्या वाट्याला आली तिला मी कधी विचारलंच नव्हतं. तिच्याकडे आधीच दोन गाई होत्या.

पहिल्या पावसाळ्यात त्याला ताप भरला. नाकातून रक्त आलं. मी त्या आठवड्यात रिलीजमध्ये अडकलो होतो. आईने शेजारच्यांचा पिकअप मागितला, गोणपाटावर त्याला घेऊन बारामतीला गेली, सलाइन संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसली. मी इथून पैसे पाठवले आणि ‘अपडेट दे’ असा मेसेज टाकला. रात्री फोन केला तेव्हा ती म्हणाली, ‘हाय जित्ता. पण एक सांगू का? कुत्रं तुला हवं हुतं का त्येचा फोटू?’

मला उत्तर सुचलं नाही. बंगळुरूच्या त्या माणसाने त्याचं ओझं हायवेने माझ्याकडे पाठवलं होतं. मी तेच ओझं त्याच हायवेने आईकडे पाठवलं होतं. आमच्या दोघांच्या डोक्यात गाव म्हणजे एकच गोष्ट होती: जिथे काम आपोआप होतं.

आणखी एक कबुली. मी ब्रूनोसाठी शंभर किलोमीटर गाडी मारली, पण आमच्या फाट्यावरच्या धाब्यामागे त्याच महिन्यात व्यालेल्या गावठी कुत्रीची पाच पिल्लं मला दिसली नव्हती. दिसली होती, मोजली नव्हती. मराठीत आपण ब्रीडला काय म्हणतो? जात. चांगल्या कुत्र्याला काय म्हणतो? जातिवंत. माणसाच्या बाबतीत जो प्रश्न उघड विचारायची आता आपल्याला लाज वाटते, तो कुत्र्याच्या बाबतीत आपण बिनदिक्कत पहिला विचारतो. त्या जाहिरातीतला ‘प्युअर’ हा शब्द नसता तर मला कुणी टॅग केलं असतं का? आणि मी ‘हो’ म्हणालो असतो का?

*

यावर मला माहीत असलेला आक्षेप असा: असं लिहिलंत तर लोक कुत्री द्यायलाच लाजतील आणि रात्रीतून कुठेतरी सोडून येतील. निदान ‘गावाकडे देतो’ म्हणणारा माणूस घर तरी शोधतो.

हा आक्षेप खोटा नाही. सोडून देण्यापेक्षा देणं हजारपट बरं. पण सोडणं आणि देणं यात फरक नेमका कशाने पडतो? फक्त समोर एक माणूस उभा आहे एवढ्याने नाही. देणारा माणूस देऊन झाल्यावरही काही काळ त्या कुत्र्याचा राहतो, त्याने फरक पडतो. मोठा कुत्रा नव्या घरात रुळण्याचा एक ठोकताळा प्राणी सांभाळणारे लोक सांगतात: भीती ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, हे आपलं घर असं वाटायला तीन महिने. मग देणाऱ्याने निदान ते तीन महिने तरी फोन उचलायला नको?

म्हणून, देत असाल तर वही पूर्ण द्या, कागद चिकटवू नका. त्याच्या वाईट सवयी आधी सांगा, चांगल्या आम्हाला आपोआप कळतील. नव्या माणसाला दोन-तीनदा तुमच्या घरी येऊ द्या, एकदा तुम्ही त्याच्या घरी जा. पहिल्या वर्षाच्या औषधपाण्यात वाटा उचला. फ्री म्हणजे तुम्हाला फ्री असं नसतं. ‘नाही जमलं तर मला सांग, मी दुसरं घर शोधेन, त्याला पुढे ढकलू नकोस’, हे लिहून द्या. आणि मुलीला सांगा. ती रडेल. रडू द्या; कुणीतरी रडायला हवं.

घेत असाल तर जागा मोजू नका, तास मोजा. रोजचे दोन तास कुणाचे, हे नाव घेऊन ठरवा. आणि ते नाव तुमचं नसेल तर ज्याचं आहे त्याला आधी विचारा. ‘काही त्रास आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘नाही’ हेच असतं. ‘शेवटचं डॉक्टरकडे कशासाठी नेलं होतं?’ असं विचारा. रेबीजची लस कधी दिली ते बघा, नसबंदीचं विचारा, वहीचं पहिलं पान उजेडासमोर धरा.

मी काय बदललं? फार नाही. कंपनीशी भांडून आठवड्याचे तीन दिवस घरून काम मिळवलं. ते दिवस मी पळसदेवला असतो आणि गोचीड मी काढतो. उरलेल्या दिवसांचं आईला आता विचारून ठरतं. ती कधी कधी ‘न्हाय जमायचं’ म्हणते, मग मी ब्रूनोला घेऊन पुण्याला येतो आणि भाड्याच्या खोलीत आम्ही दोघं एकमेकांच्या पायात पाय घालत राहतो. रील बंद केले.

मागच्या महिन्यात बंगळुरूहून मेसेज आला. मुलीचा वाढदिवस आहे, ब्रूनोचा एखादा फार्मवरचा छान फोटो पाठवशील का? आणि पुढे: ‘बाय द वे, आम्ही पण परत एक पपी घेतोय. गोल्डन. या वेळी नीट करू.’

मी फोन घेऊन ओट्यावर बसलो होतो. शेजारी आजी, तिच्या पायाशी बाळ्या. मी तिला वाचून दाखवलं. आमचं जुनं पळसदेव उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण १९८० साली पुरं झालं, त्याच्या आधीच गाव उठलं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं. २०२४च्या उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं की लोक चालत जाऊन दर्शन घेऊन आले. आजी गेली नाही. तिचं घर त्या देवळाच्या अलीकडे होतं, आणि त्या चिखलात कुठे काय होतं ते तिला अजून पाठ आहे.

मी तिला म्हटलं, ‘आजी, त्यांचं म्हणणं होतं, गावाकडे ह्याला भरपूर जागा मिळेल.’

ती बाळ्याच्या कानामागे खाजवत राहिली. म्हणाली, ‘जागा काय रं, जागा तर आमाला सरकारनं बी दिली हुती.’

फोटो मी अजून पाठवलेला नाही. हा लेख पाठवतोय.